धाराशिव जिल्हा आणि संसदेंतील स्त्री-सभासद

धाराशिव जिल्ह्याचें नांव निघालें कीं संशोधकाच्या डोळ्यांपुढें प्रथम तेर उभें राहतें. पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथांत ‘तगर’ म्हणून उल्लेखिलेलें नगर तें हेंच, असें विद्वानांनीं मानिलें आहे. त्यानंतर धाराशिवची लेणीं, तुळजापूरचें देवस्थान, परांड्याचा किल्ला आणि नळदुर्गांतील इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळचा पाणीमहाल हे विषय येतात. या सर्वांवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे व पुढेंहि लिहिलें जाईल. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र निराळा आहे. या जिल्ह्यांतून देशाच्या संसदेंत स्त्री केव्हां गेली, ती जाण्यास इतका काळ कां लागला, आणि त्या घटनेचीं साधनें आज कोणत्या अवस्थेंत आहेत, इतक्याच तीन गोष्टींचा विचार येथें करावयाचा आहे.

यावर कोणी सभासद असा आक्षेप घेतील कीं, इसवी सन २००४ मधील निवडणूक हा इतिहासाचा विषय नव्हे. तो वर्तमानपत्राचा विषय आहे. याला आमचें उत्तर सोपें आहे. कृष्णाजी अनंत सभासद यानें जिंजी येथें राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून शिवचरित्र लिहिलें, तें शिवाजी महाराजांच्या निधनानंतर दोन दशकांच्या आंत. २००४ पासून आजपर्यंत त्याहून अधिक काळ लोटला आहे. सभासदानें तेव्हां ‘हें कालचेंच आहे’ म्हणून लेखणी खालीं ठेविली असती, तर आपणां सर्वांचें केवढें नुकसान झालें असतें, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाहीं.

१. शब्दांचा विचार

प्रथम शब्द पाहूं. ‘संसद्’ म्हणजे एकत्र बसणें, आणि लक्षणेनें एकत्र बसलेले लोक. ‘सभा’, ‘समिति’, ‘परिषद्’, ‘संसद्’ हे चारहि शब्द संस्कृतांत स्त्रीलिंगी आहेत. अथर्ववेदांत तर सभा आणि समिति यांस प्रजापतीच्या दोन कन्या म्हटलें आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील विवाहसूक्तांत नववधूनें ‘विदथां’त बोलावें असा आशय आलेला आहे, विदथ म्हणजे नक्की कोणत्या प्रकारचा मेळावा याविषयीं मतभेद असले, तरी तो चार भिंतींआडचा संसार नव्हे, एवढें निश्चित. उलट, मैत्रायणी संहितेंत पुरुष सभेस जातात, स्त्रिया जात नाहींत, असें विधान स्पष्ट आहे. म्हणजे वैदिक वाङ्मयांतच दोन्ही बाजूंचे साक्षीदार हजर आहेत, आणि एकाच साक्षीदारास पुढें करून ‘प्राचीन काळीं सर्व कांहीं होतें’ किंवा ‘प्राचीन काळीं कांहींच नव्हतें’ असा निकाल देणें हें संशोधकाचें काम नव्हे.

उपनिषदांत जनकाच्या विद्वत्सभेंत गार्गी याज्ञवल्क्यास प्रश्न विचारते. महाभारतांत द्यूतसभेंत द्रौपदी प्रश्न विचारते, आणि भीष्मासारख्यासहि त्याचें सरळ उत्तर देतां येत नाहीं. या दोघीहि त्या सभांच्या सभासद नव्हत्या. एक विदुषी म्हणून आली होती, दुसरीला तर ओढून आणिलें होतें. सभेंत प्रश्न विचारणें आणि सभेची सदस्य असणें, यांतील हा भेद पुढील विवेचनास उपयोगी पडणार आहे.

मराठेशाहींतील महजर वाचणाऱ्यांस ‘हाजिर मजालस’ ही संज्ञा परिचित आहेच. देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी, शेटे, महाजन, बलुते अशी उपस्थितांची ओळ त्यांत लागते. वतनाच्या कज्ज्यांत स्त्री, विशेषतः विधवा, वादी किंवा प्रतिवादी म्हणून येते. परंतु निवाडा करणाऱ्या मजालशींत तिचें नांव सामान्यतः सांपडत नाहीं. आज मराठींत संसदेच्या सदस्यास ‘खासदार’ म्हणतात. अरबी ‘खास’ आणि फारसी ‘दार’ यांचा हा जोड. त्याचें वैशिष्ट्य असें कीं, तो स्त्रीपुरुष दोघांसहि त्याच रूपांत लागतो. व्याकरणानें जी वाट मोकळी ठेविली, ती व्यवहारानें किती काळ अडवून धरली, हें आतां पाहावयाचें.

२. ताम्रपटांतील राण्या आणि मतपेटींतील सभासद

‘आमच्या महाराष्ट्रांत स्त्रियांनीं राज्यें चालविलीं, मग संसदेचें काय अप्रूप?’ असा प्रश्न पुष्कळदां ऐकूं येतो. नाणेघाटांतील लेखांत सातवाहन राणी नागनिका आहे. नाशिकच्या लेण्यांत, पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षांतील लेखांत, गौतमी बलश्री आहे. वाकाटकांची प्रभावतीगुप्ता पुणें व ऋद्धपूर येथील ताम्रपटांत स्वतः दान देते. अठराव्या शतकाच्या आरंभीं ताराबाईनें मोंगलांशीं झुंज चालविली, आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धांत अहिल्याबाई होळकरांनीं माळव्याचा कारभार केला.

हीं सर्व उदाहरणें खरीं आहेत आणि थोर आहेत. तथापि त्यांतील अधिकार कोठून आला, हें पाहिलें पाहिजे. नागनिका राजाची पत्नी म्हणून बोलते. बलश्री आपली ओळख गौतमीपुत्राची आई व पुळुमावीची आजी म्हणून करून देते. प्रभावतीगुप्ता अल्पवयी पुत्राच्या नांवें कारभार पाहते; तथापि ती आपल्या लेखांत पित्याचें ‘धारण’ गोत्र सांगते, पतीचें नव्हे, ही गोष्ट अभ्यासकांनीं मुद्दाम टिपून ठेविली आहे. ताराबाईची सत्ता पुत्राच्या गादीवरून, अहिल्याबाईंची सासऱ्याच्या दौलतीवरून. तात्पर्य, या सर्व स्त्रियांचा अधिकार कुलाकडून आलेला आहे. तो कितीहि समर्थपणें वापरला गेला, तरी त्याचा उगम रयतेच्या संमतींत नाहीं.

संसदेच्या सभासदाचा अधिकार याहून मूलतः वेगळ्या जातीचा आहे. तो ठराविक मुदतीचा असतो, पुढच्या निवडणुकींत तो काढून घेतां येतो, आणि तो देणारे लोक अनोळखी असतात. प्रभावतीगुप्तेस ताम्रपट कोरण्यापूर्वीं परगण्यांतील कुणब्यांची मोजदाद करावी लागली नाहीं. लोकसभेंत जाणाऱ्या स्त्रीस ती करावी लागते. यास्तव राज्यकर्त्या राण्यांची परंपरा सांगून संसदेंतील स्त्रीचा प्रश्न सुटत नाहीं. तो तेथें नुकता कोठें सुरू होतो.

आधुनिक जगांतहि मत देण्याचा हक्क आणि सभेंत बसण्याचा हक्क हे एकत्र चालत आलेले नाहींत. न्यूझीलंडांत स्त्रियांस मताधिकार १८९३ सालीं मिळाला, पण तेथील पार्लमेंटांत पहिली स्त्री निवडून गेली ती १९३३ सालीं. मध्यें चाळीस वर्षें गेलीं. फिनलंडांत मात्र १९०७ च्या निवडणुकींत दोनशेंपैकीं १९ जागीं स्त्रिया निवडून आल्या, आणि राष्ट्रीय विधिमंडळांत निवडून आलेल्या जगांतील पहिल्या स्त्रिया त्याच होत.

३. निजामी अंमल आणि स्वातंत्र्योत्तर आरंभ

धाराशिवचा प्रदेश निजामाच्या राज्यांत होता. १८५३ सालीं वऱ्हाडाबरोबर हा भागहि इंग्रजांच्या हवालीं झाला, आणि १८६० सालीं निजामास परत मिळाला. जिल्ह्यास पूर्वीं नळदुर्ग जिल्हा म्हणत. पुढें मुख्य ठाणें धाराशिव येथें आलें आणि मीर उस्मान अलीखान याच्या नांवावरून ‘उस्मानाबाद’ हें नांव पडलें. १८६० सालची ही अदलाबदल आमच्या विषयाशीं निकट संबंध ठेवते. इंग्रजी अंमलाखालच्या मुंबई व मद्रास इलाख्यांत १९२१ सालींच स्त्रियांस, मालमत्तेच्या अटीवर कां होईना, कायदेमंडळासाठीं मत देतां येऊं लागलें. १९२७ सालीं मद्रास कौन्सिलांत मुथुलक्ष्मी रेड्डी उपाध्यक्ष झाल्या. १९३७ नंतर मध्यप्रांत-वऱ्हाडच्या असेंब्लीचें उपसभापतिपद अनसूयाबाई काळे यांच्याकडे आलें. सीमेपलीकडच्या बार्शी तालुक्यांतील मालमत्ताधारक स्त्री मत देत असतां, सीमेअलीकडच्या परांडे तालुक्यांतील तिच्या मावसबहिणीस तो हक्क नव्हता. निजामाच्या राज्यांत कायदेकौन्सिल नांवाची संस्था होती. परंतु सर्वसामान्य रयतेनें प्रौढ मतदानानें निवडलेली सभा तेथें नव्हती.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राजवट संपली. त्यावेळीं दिल्लींत घटना समितीचें काम चालू होतें. त्या समितींत १५ स्त्रिया सभासद होत्या. त्यांत मुंबईच्या हंसा मेहता आणि मद्रासच्या दुर्गाबाई ह्या विशेष प्रसिद्ध आहेत. हैदराबाद राज्याचे प्रतिनिधि मात्र त्या समितींत बसलेच नाहींत. म्हणून ज्या घटनेनें मराठवाड्यांतील स्त्रीस मताधिकार दिला, तिच्या रचनेंत मराठवाड्यांतील पुरुषाचाहि आवाज नव्हता, स्त्रीचा तर नव्हताच. हा हक्क २६ जानेवारी १९५० रोजीं तिला एकदम आणि कोणत्याहि अटीशिवाय मिळाला.

१९५२ च्या पहिल्या लोकसभेंत मराठी मुलखांतून पुणें दक्षिणेच्या इंदिराबाई मायदेव आणि नागपूरच्या अनसूयाबाई काळे ह्या होत्या. सबंध सभागृहांत स्त्रियांची संख्या पंचविसाहूनहि कमी होती. उस्मानाबादहून त्या वर्षीं राघवेंद्रराव दिवाण, आणि १९५७ सालीं व्यंकटराव नळदुर्गकर निवडून गेले. पुढें १९९९ पर्यंत झालेल्या प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकींत येथून पुरुषच गेला. एकूण तेरा निवडणुका.

४. मतदारयादींतील नांव

या तेरा निवडणुकांचा विचार करतांना एका कागदाकडे लक्ष द्यावें लागतें. तो कागद म्हणजे मतदारयादी. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळीं देशांत सुमारें आठ कोटि स्त्री-मतदार होत्या. त्यांपैकीं जवळजवळ २८ लक्ष स्त्रियांनीं स्वतःचें नांव सांगण्यास नकार दिला. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेंच त्यांनीं सांगितलें. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं असलीं नांवें यादींत ठेवूं दिलीं नाहींत, आणि त्या स्त्रिया त्या वेळीं मतास मुकल्या. हे प्रकार मुख्यतः उत्तरेकडील राज्यांत घडले. पण बलश्रीच्या लेखांतील ‘गौतमीपुत्राची आई’ आणि १९५१ च्या यादींतील ‘अमक्याची आई’ यांत सुमारें अठराशें वर्षांचें अंतर असूनहि दस्तऐवजाची पद्धति तीच आहे, हें कोणाहि लेखवाचकाच्या ध्यानांत यावें. बलश्रीनें निदान पुत्राच्या नांवाबरोबर स्वतःचेंहि नांव कोरविलें. या २८ लक्ष स्त्रियांचें तेंहि राहिलें नाहीं.

शाळेंत नोकरीस असतां इतर शिक्षकांप्रमाणें आम्हांसहि निवडणुकीचें काम लागे. मतदान केंद्रावर पहिला अधिकारी मतदाराचें नांव मोठ्यानें वाचतो, म्हणजे उमेदवारांचे प्रतिनिधि तें ताडून पाहूं शकतात. यादींत स्त्रीच्या नांवाखालीं बहुधा पतीचें नांव असे. तें चारचौघांत उच्चारलें गेलें कीं कित्येक वृद्धा पदर ओढून मान खालीं घालीत. एका केंद्रावर एका म्हातारबाईंस ‘नांव काय?’ असें विचारलें असतां त्यांनीं सुनेकडे पाहिलें. सुनेनें तें सांगितलें. आम्हीं यादींत खूण केली आणि काम पुढें चाललें. त्या वेळीं आम्हांस हें इतकेंच वाटलें कीं रांग लांब आहे, लवकर आटोपावें. आज वाटतें, जिल्ह्याच्या इतिहासाचा एक साधनग्रंथ आमच्यासमोर उघडा होता आणि आम्ही त्यावर केवळ रेघा ओढीत बसलों होतों.

५. इसवी सन २००४

१३ मे २००४ रोजीं चौदाव्या लोकसभेचे निकाल लागले. उस्मानाबाद मतदारसंघांतून शिवसेनेच्या कल्पना रमेश नरहिरे विजयी झाल्या. त्यांनीं राष्ट्रवादी काँग्रेसचे लक्ष्मण ढोबळे यांचा अगदीं थोड्या मतांनीं पराभव केला. नरहिरे ह्या तत्पूर्वीं कळंब मतदारसंघाच्या आमदार होत्या. १९५२ पासून मोजल्यास जिल्ह्याच्या मुख्य मतदारसंघास स्त्री-सभासद मिळण्यास ५२ वर्षें लागलीं.

येथें भूगोलाचा एक मुद्दा ध्यानीं घेतला पाहिजे. आजचा लातूर जिल्हा १९८२ च्या ऑगस्टांत उस्मानाबाद जिल्ह्यांतून निराळा झाला. त्यापूर्वींच्या मोठ्या उस्मानाबाद जिल्ह्याचा बहुतेक प्रदेश लोकसभेच्या दोन मतदारसंघांत येतो, उस्मानाबाद आणि लातूर. २००४ सालीं लातूरहूनहि स्त्रीच निवडून गेली. भारतीय जनता पक्षाच्या रूपाताई पाटील निलंगेकर यांनीं तेथें शिवराज पाटील चाकूरकर यांचा पराभव केला. चाकूरकर १९८० पासून १९९९ पर्यंत त्या मतदारसंघांतून सात वेळां निवडून आले होते आणि १९९१ ते १९९६ लोकसभेचे सभापति होते. म्हणजे जुन्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या दोन्ही जागा एकाच दिवशीं स्त्रियांच्या हातीं आल्या. हा योगायोग जिल्ह्याच्या इतिहासांत स्वतंत्र नोंदीस पात्र आहे. परंतु जिल्ह्याची वाटणी मधें आल्यामुळें तो दोन निरनिराळ्या जिल्ह्यांच्या खात्यांत विभागला गेला आणि सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं.

मराठवाड्याचें चित्र घेतलें तर तें अधिक स्पष्ट होतें. बीडहून केशरकाकू क्षीरसागर १९८०, १९८४ व १९९१ सालीं, आणि रजनी पाटील १९९६ सालीं निवडून गेल्या होत्या. सूर्यकांता पाटील १९९१ सालीं नांदेडहून, १९९८ सालीं हिंगोलीहून, आणि पुन्हां २००४ सालीं हिंगोलीहून लोकसभेंत गेल्या. त्यामुळें २००४ सालीं मराठवाड्याच्या आठ जागांपैकीं तीन जागा स्त्रियांकडे होत्या. त्याच वेळीं सबंध लोकसभेच्या ५४३ जागांपैकीं स्त्रिया होत्या ४५. देशाचें प्रमाण शेंकडा आठांच्या किंचित् वर, आणि मराठवाड्याचें शेंकडा साडेसदतीस. ज्या प्रदेशास मागासलेला म्हणण्याची लेखकांस संवय जडली आहे, तो या एका बाबतींत देशाच्या चौपटीहून पुढें होता.

ही भरती टिकली नाहीं. २००९ सालीं मराठवाड्यांतून एकहि स्त्री लोकसभेंत गेली नाहीं. २०१४ च्या पोटनिवडणुकींत आणि २०१९ सालीं बीडहून प्रीतम मुंडे गेल्या. २०२४ सालीं उस्मानाबादहून अर्चना पाटील आणि बीडहून पंकजा मुंडे उभ्या होत्या. दोघींचाहि पराभव झाला, आणि आठहि जागीं पुरुष आले. उस्मानाबाद मतदारसंघाचा हिशेब असा कीं, १९५२ ते २०२४ या काळांतील अठरा सार्वत्रिक निवडणुकांत स्त्री निवडून आली ती एकदांच. लातुरांतहि १९६२ पासूनच्या सोळा निवडणुकांत एकदांच, आणि दोन्ही वेळां वर्ष तेंच.

६. कारणमीमांसा

इतका विलंब कां लागला? मतदारांनीं स्त्रीस नाकारलें, असें म्हणण्यास आधार नाहीं. कारण नाकारण्यापूर्वीं ती उमेदवार म्हणून समोर यावी लागते, आणि मुख्य पक्षांनीं ती येथें क्वचितच आणिली. पूर्वींच्या मजालशींत कोणास बसवावयाचें हें ज्याप्रमाणें मजालस भरण्याच्या आधींच ठरत असे, त्याप्रमाणें आजहि पुष्कळसा निवाडा मतदानापूर्वीं, उमेदवारी देण्याच्या वेळींच होऊन जातो.

दुसरी गोष्ट राखीव जागांची. १९७७ पासून २००४ पर्यंत उस्मानाबाद मतदारसंघ अनुसूचित जातींकरितां राखीव होता. २००८ च्या पुनर्रचनेनंतर तो खुला झाला आणि लातूर राखीव झाला. म्हणून धाराशिवची पहिली स्त्री-खासदार राखीव जागेवरून गेलेली आहे. जातीनें आणि स्त्रीत्वानें अशा दोन्ही बाजूंनीं सभेबाहेर ठेविलेल्या वर्गांतून ती आली, हें येथें ठळकपणें लिहिलें पाहिजे. ‘हाजिर मजालस’ पाहणाऱ्या संशोधकास याचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

तिसरी गोष्ट ग्रामपंचायतींची. घटनेची ७३ वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजीं अमलांत आली आणि पंचायतींत स्त्रियांस एक-तृतीयांश जागा मिळाल्या. २०११ सालीं महाराष्ट्रांत त्या निम्म्या झाल्या. गांवच्या चावडींत स्त्री खुर्चीवर बसलेली लोकांनीं दहा वर्षें पाहिली, त्यानंतर २००४ साल आलें. या दोन घटनांत कार्यकारणभाव आहे असें सिद्ध करण्याइतका पुरावा आम्हांपाशीं नाहीं. पौर्वापर्य मात्र निर्विवाद आहे.

‘या स्त्रिया घराण्याच्या पुण्याईवर आल्या’ असाहि एक आक्षेप असतो. रूपाताई ह्या माजी मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांच्या सूनबाई, हें सर्वांस ठाऊक आहे. पण हीच फूटपट्टी पुरुषांस लावली तर किती जण उरतील? शिवाय घराणें उमेदवारी मिळवून देऊं शकतें, मत नव्हे. सात वेळां निवडून आलेल्या माजी सभापतींस हरविणें हें केवळ सासऱ्यांच्या नांवावर होत नाहीं. आणि गंमत अशी कीं, २००४ चा लातूरचा निकाल आजहि ‘चाकूरकर पडले’ अशा शब्दांत सांगितला जातो. ‘रूपाताई जिंकल्या’ असें क्वचितच कोणी म्हणतो. पराभूत पुरुषाचें नांव विजयी स्त्रीच्या नांवास झांकून टाकतें, याचें याहून उघड उदाहरण शोधावें लागणार नाहीं.

घटनेच्या १०६ व्या दुरुस्तीस २८ सप्टेंबर २०२३ रोजीं राष्ट्रपतींची संमति मिळाली. तिच्यान्वयें लोकसभेंत व विधानसभांत एक-तृतीयांश जागा स्त्रियांस राखावयाच्या आहेत, आणि अनुसूचित जातींच्या राखीव जागांतहि तेंच प्रमाण आहे. मात्र जनगणना व मतदारसंघांची पुनर्रचना यांनंतर. ती योजना अमलांत येऊन स्त्री-सभासद ही नित्याची गोष्ट झाली, म्हणजे पहिल्या स्त्रिया आरक्षणाशिवाय कशा गेल्या, हें विचारणारे पुष्कळ निघतील. उत्तर देण्यास कागद मात्र उरले असले पाहिजेत.

७. साधनांची अवस्था

लोकसभेंतील भाषणें व प्रश्नोत्तरें छापलेलीं आहेत. त्यांची चिंता नाहीं. द्रौपदीच्या प्रश्नास उत्तर मिळालें नाहीं, पण महाभारतकारानें तो नोंदून ठेविला. संसदेचें कार्यालयहि तेवढें नक्की करतें. चिंता आहे ती जिल्ह्यांतील साधनांची. प्रचाराचीं पत्रकें, उमेदवारांचे परिचय, सभांच्या दवंडीच्या चिठ्या, गांवोगांवच्या बायकांनीं खासदाराकडे पाठविलेले अर्ज, त्या काळच्या मतदारयाद्या आणि स्थानिक साप्ताहिकांचे अंक, हे सर्व वाळवी आणि रद्दीवाला यांच्या स्वाधीन आहे.

यांत आमचाहि अपराध आहे, तो येथें कबूल करितों. २००४ च्या उन्हाळ्यांत घरीं आलेलीं पत्रकें आम्हीं एका ठिकाणीं ठेविलीं होतीं, तीं केवळ एका बाजूनें कोरीं होतीं म्हणून. पुढें एका मित्राकडून आलेल्या व्रतकथांच्या पोथ्यांस वेष्टन पाहिजे होतें. तेव्हां त्याच पत्रकांचीं वेष्टनें केलीं. पावसाळ्यांत ओल लागली, पोथ्या वाचविल्या आणि वेष्टनें फेंकून दिलीं. त्या व्रतकथांच्या प्रती अन्यत्र मुबलक आहेत. पत्रकें मात्र आम्हांस पुन्हां कोठें मिळालीं नाहींत. पोथी म्हणजे साधन आणि वेष्टन म्हणजे कचरा, ही आमची समजूत त्या दिवशीं खोटी ठरली.

दुसरें साधन दगडाचें आहे. १९९३ पासून प्रत्येक खासदारास स्थानिक विकासाचा निधि मिळतो. २००४ च्या सुमारास तो वर्षास दोन कोटि रुपये होता. या निधींतून झालेल्या समाजमंदिरांवर, सभामंडपांवर आणि प्रवासी निवाऱ्यांवर फरशी बसविण्याची रीत आहे. तिच्यांत सभासदाचें नांव, वर्ष आणि कामाचा उल्लेख असतो. दाता, दान आणि काल हीं तिन्ही अंगें ज्यांत आहेत त्यास आपण शिलालेखच म्हणतों. अशी फरशी दिसल्यास तिचा ठसा किंवा छायाचित्र घ्यावें. नांवापूर्वीं ‘सौ.’ आहे कीं ‘श्रीमती’, पतीचें नांव आहे कीं नाहीं, आडनांवाचें लेखन कसें आहे, हें जसेंच्या तसें उतरावें. दुरुस्त करूं नये. फरशा सिमेंटाच्या नव्या थरांत पुरल्या जातात आणि इमारतींस दुसरीं नांवें दिलीं जातात. पांचशें वर्षांच्या वीरगळापेक्षां वीस वर्षांची फरशी अधिक लवकर नाहींशी होते, हा आमचा अनुभव आहे.

नोंदी करतांना एक सावधगिरी बाळगावी. जिल्हा आणि मतदारसंघ हे एक नव्हेत. उस्मानाबाद मतदारसंघांत आज सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी आणि लातूर जिल्ह्यांतील औसा येतात. जिल्ह्याचें नांव २०२३ सालीं धाराशिव झालें असलें, तरी २०२४ ची निवडणूक ‘उस्मानाबाद’ मतदारसंघाच्या नांवानेंच झाली. कागदावर जें नांव असेल तें ठेवावें आणि आपला खुलासा बाजूस लिहावा.

आमची विनंति एवढीच आहे. सभासदांनीं आपापल्या गांवीं १९५२ पासूनच्या निवडणुकांचे जे कागद दिसतील, ते मोडी रुमालांच्या शेजारींच बांधून ठेवावे. तसेंच ज्या वृद्ध स्त्रियांनीं पहिल्या निवडणुकांत मत दिलें त्यांतील कोणी हयात असल्यास त्यांस त्या दिवसाची हकीकत विचारावी. ती लिहून घेतांना आरंभीं त्यांचें स्वतःचें नांव विचारावें, सुनेस विचारूं नये, आणि तें सांगण्यास त्यांना जितका वेळ लागेल तितका द्यावा.